किरणं कुठवर आली?

परवा नोव्हेंबरात आईला घेऊन अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेलो होतो. घेऊन गेलो म्हणजे महाद्वारापर्यंत. आत ती गेली, शेजारच्या काकूंचा हात धरून. मी बाहेर तिच्या चपला सांभाळत उभा राहिलो. आमच्या घरात हे खातं पूर्वी बाबांकडे होतं, आता माझ्याकडे आलंय. त्याबद्दल पुढे सांगतोच.

ज्यांना किरणोत्सव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूरची अंबाबाई पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, असा परंपरेनं सांगितलेला क्रम. पण प्रत्यक्षात तसं दरवेळी होतंच असं नाही. कधी क्षितिजावर ढग असतात, कधी धुरकट हवा असते, आणि मधल्या वाटेत उभ्या राहिलेल्या इमारतींच्या अडथळ्यांबद्दल तर वर्षानुवर्षं मोजण्या आणि बैठका चालू आहेत. त्यामुळे त्या तीन-चार दिवसांत संध्याकाळी सहाच्या सुमारास गावात एकच प्रश्न असतो - "किरणं कुठवर आली?" क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा. पानवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, बंगळूरला असलेला माझा भाऊ फोन करून विचारतो.

आई बाहेर आली. मी चपला तिच्या पायापुढे ठेवल्या आणि विचारलं, "कुठवर आली?"

"गळ्यापर्यंत आली बघ. मग ढग आला."

"मग?"

"मग काय? फेब्रुवारीत हाय की!"

एवढं म्हणून ती चपला घालून चालायला लागली. चेहऱ्यावर जराही निराशा नाही. मी मात्र घरी येईपर्यंत त्या "हाय की"चाच विचार करत होतो. माणसं विश्वास का ठेवतात, या विषयावर मी कॉलेजात असल्यापासून वाद घालत आलोय. हिरिरीनं, आणि बहुतेक वेळा स्वतःलाच ऐकू येईल अशा मोठ्या आवाजात. पण गेल्या काही वर्षांत माझे सगळे मुद्दे एकदा खाली ठेवून पुन्हा मोजावे लागले. ते आज लिहून काढतोय. नातेवाईक मंडळींपैकी काहींना आवडणार नाही, काहींना "शेवटी आला का ताळ्यावर!" असं वाटेल. दोघांनीही शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

*

आधी घरची परिस्थिती. आई पक्की कोल्हापूरची. इतकी की "मी जाऊन आलो", "मी जेवलो" असंच बोलते. (पुण्याच्या सुना-जावयांना याचं कोण हसू येतं! इथं बायका असंच बोलतात, त्यात काय एवढं?) दर शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. दसरा चौकात शाहू स्मारक भवनात व्याख्यान असलं की पहिल्या दोन रांगांत बसायचे. देव मानायचे नाहीत. म्हणजे आरडाओरडा करून नव्हे. एखादा माणूस चहा घेत नाही, तसे ते देव घ्यायचे नाहीत.

पण दर शुक्रवारी आईला स्कूटरवरून महाद्वारापर्यंत सोडायला तेच जायचे. ती आत गेली की हे बाहेर, हातात तिच्या चपला आणि बगलेत पेपर. कुणी ओळखीचं भेटलं आणि "काय सर, तुम्ही इथं?" म्हणालं की म्हणायचे, "आमच्याकडे खातेवाटप झालंय. देवी तिच्याकडे, चपला माझ्याकडे." चाळीस वर्षांत ते आत गेले नाहीत आणि चाळीस वर्षांत त्यांनी तिला जाऊ नको म्हटलं नाही. लहानपणी मला यात काही विशेष वाटायचं नाही. आता वाटतं की माझ्या सगळ्या वादविवादांपेक्षा ती चपलांची जोडी जास्त शहाणी होती.

किरणोत्सवाचं गणितही बाबांनीच मला शिकवलं. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या साधारण ४१-४२ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी तेवढेच दिवस नंतर. म्हणून दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो. जाताना एकदा, परत येताना एकदा. वहीत आकृती काढून दाखवल्यावर मी विजयी मुद्रेनं आईकडे गेलो होतो. "आई, हा काय चमत्कार नाही, भूगोल आहे!" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग? भूगोल कुणाचा हाय?"

तेव्हा मला वाटलं, वादात जिंकायला न आल्यानं तिनं पळवाट काढली. आज तितकी खात्री नाही.

*

आता अवघड भाग.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. देवळं वर्षभरात दुसऱ्यांदा बंद झालेली. बाबांना ताप आला, चौथ्या दिवशी ऑक्सिजन उतरायला लागला, आणि एका दवाखान्यात कसाबसा बेड मिळाला. आम्हाला आत जायला बंदी. दिवसातून एकदा फोन यायचा, त्यावर आमचा दिवस तरंगायचा किंवा बुडायचा.

आई रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन देवळाच्या दिशेला तोंड करून उभी राहायची. देऊळ बंद, शुक्रवार बंद, ओटी बंद. तरी ती उभी राहायची. मी खाली फोनवर. इंजेक्शन कुठं मिळेल, सिलिंडर कुणाकडे आहे, प्लाझ्मा कोण देईल. मला तिचा राग यायचा. इथं माणूस धावपळ करतोय आणि ही वर उभी राहून काय करते?

पण खरं सांगायचं तर त्या अकरा दिवसांत मी काय काय केलं ते कुणाला कळलेलं नाही. ज्या दिवशी दवाखान्यातून "आज जरा बरे आहेत" असा फोन आला, त्या दिवशी मी निळा शर्ट घातला होता. पुढचे तीन दिवस मी तोच शर्ट धुऊन, वाळवून घातला. फोन वाजला की तिसऱ्या रिंगला उचलायचो, कारण पहिली चांगली बातमी तिसऱ्या रिंगला आली होती. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९४८ मधला एक प्रयोग आहे, मी तो वादात कित्येकदा वापरलाय. पिंजऱ्यातल्या कबुतरांना ठराविक वेळानं दाणे मिळायचे, ती काहीही करोत. पण दाणा पडला तेव्हा जे कबुतर गिरकी घेत होतं ते गिरक्याच घेत राहिलं, जे मान हलवत होतं ते मान हलवत राहिलं. त्यांना वाटलं आपल्यामुळेच दाणा पडतो. अंधश्रद्धेचं इतकं स्वच्छ चित्र दुसरं नाही, असं मी सांगत असे. आणि आता मीच निळ्या शर्टातलं कबूतर झालो होतो.

नवव्या रात्री तर मी नवस बोललो. तोही जोतिबाला, अंबाबाईला नव्हे. बहुधा तिच्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटली असावी. बाबा घरी आले तर चैत्रात डोंगरावर चालत येईन. कुणाला सांगितलं नाही.

बाबा आले नाहीत.

अंत्यसंस्कारालासुद्धा नीट जाता आलं नाही, ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे, अनेकांच्या घरीही तेच झालंय. त्या रात्री मी आईला म्हणालो, "काय केलं तुझ्या देवीनं?" आयुष्यात उच्चारलेल्या वाक्यांपैकी परत घ्यायचं असेल तर मी हे घेईन. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर देवघरात दिवा लावलेला होता. रोजच्यासारखा. सुतकात देवपूजा करत नाहीत, हे तिनंच मला शिकवलेलं. तिनं पूजा केली नव्हती, फूल वाहिलं नव्हतं. फक्त दिवा.

*

ग्रीक लोकांत डायगोरस नावाचा एक नास्तिक होऊन गेला. त्याचा एक किस्सा रोमन लेखक सिसेरोनं सांगितलाय. एका देवळात मित्रानं त्याला चित्रं दाखवली. समुद्रात वादळात सापडून देवाला नवस बोलून वाचलेल्यांनी ती वाहिली होती. "बघ, एवढे लोक वाचले!" डायगोरसनं विचारलं, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठं आहेत?

दोन हजार वर्षांहून जुना हा प्रश्न आजही निरुत्तर करणारा आहे. आमच्या गल्लीत त्या लाटेतून जे परत आले त्यांच्या घरच्यांनी देवीला ओटी भरली, जोतिबाला गुलाल-खोबरं उधळलं. चांगलंच आहे. पण जे आले नाहीत त्यांच्याही घरी तेवढेच हात जोडले गेले होते. त्यांची मोजदाद नवसाच्या हिशोबात कुणी करत नाही. म्हणजे "देव पावतो म्हणून माणसं देव मानतात" हे स्पष्टीकरण हिशोबानं टिकत नाही. पावण्या-न पावण्याचा हिशोब खरोखर कुणी ठेवला असता तर देवळं केव्हाच ओस पडली असती.

पण मग आईचं काय? ती तर बुडालेल्या जहाजावरची. तिच्या नवसाचं चित्र कुठल्याच भिंतीवर नाही. आणि तरी ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला देवळं उघडली तेव्हा दर्शनाच्या रांगेत ती उभी होती. मी बाहेर, चपला घेऊन. पहिल्यांदाच. बाबांची जागा मी घेतली ती अशी, न ठरवता.

त्या दिवशी परत येताना मी तिला विचारलं. या वेळी भांडायला नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. "आई, बाबांसाठी एवढं मागितलंस, मिळालं नाही. तरी कशी जातेस गं?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मागितलं असंल की. कोण नाही मागत? पण मी गच्चीवर नुसतं मागाय जात नव्हतो रे. तू फोनवर. तुझा भाऊ लांब. हे तिकडं एकटे. मी कुणाशी बोलू? तिला सांगत होतो, आज असं झालं, आज तसं झालं. बोलाय कुणीतरी लागतं."

मग जरा थांबून, "आणि तिनं काय मला लिहून दिलं होतं व्हय?"

*

माणसं विश्वास का ठेवतात, या प्रश्नाचं एक उत्तर भीती हे आहे, आणि ते खोटं नाही. मॅलिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले कोळी खाडीच्या शांत पाण्यात मासे धरायला जाताना काही मंत्रतंत्र करत नसत, कारण तिथं मासा हमखास मिळायचा आणि धोकाही नव्हता. उघड्या समुद्रात जायचं असलं की मात्र साग्रसंगीत विधी. जिथं आपलं ज्ञान आणि कसब संपतं तिथं मंत्र सुरू होतो, असं त्याचं निरीक्षण. माझा निळा शर्ट याच जातीचा.

दुसरं उत्तर सोबत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यानं १९१२ च्या आपल्या ग्रंथात म्हटलं की धर्मात समाज एकत्र येऊन एका अर्थी स्वतःचीच शक्ती अनुभवतो. हे पुस्तकात वाचून पटत नसेल तर चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जावं. उंच सासनकाठ्या नाचताहेत, "चांगभलं"चा गजर चाललाय, आणि सगळा डोंगर, माणसं, पायऱ्या, दगड, कुत्रीसुद्धा गुलालानं गुलाबी. तिथं कोण कुठल्या गावचा, कोण साहेब, कोण हमाल, काही कळत नाही. एकटेपणा तिथं टिकत नाही.

पण आईचं उत्तर या दोन्हींत बसत नाही. देऊळ बंद होतं, गर्दी नव्हती, सोबत नव्हती. आणि भीती म्हणावी तर जे घडायची भीती होती ते घडून गेल्यावरही तिनं दिवा लावला. मला वाटतं, आम्ही तर्कवाले एकाच प्रश्नात अडकतो - "हे खरं आहे का?" श्रद्धाळू माणसाचा प्रश्न बऱ्याचदा तो नसतोच. त्याचा प्रश्न असतो, "हे मी कुणाला सांगू?" आनंद झाला तर कुणाला सांगू, कोसळलं तर कुणाला सांगू. आमच्याकडे पहिल्या प्रश्नाची चोख उत्तरं आहेत. दुसऱ्याच्या वेळी आम्ही फोनवर असतो.

आमचे मामा शिरोळ तालुक्यातले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ फूट), हायवे बंद पडला, आणि मामांच्या घरात आढ्यापर्यंत पाणी. दोन म्हशी गेल्या. त्याच तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे. तिथं कृष्णेचं पाणी चढून दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडलं की त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. पुढच्या पावसाळ्यात मामा गेलेच! मी म्हटलं, "मामा, याच पाण्यानं तुमचं घर नेलं की!" तर म्हणाले, "नदी आई हाय. आई कधी मारतीया बी."

ऐकायला छान आहे. पण खरं सांगतो, या वाक्याचा मला रागही येतो. नदीला आई म्हणायचं आणि तिच्या पूररेषेत प्लॉट पाडून विकायचे? धरणातून कधी किती पाणी सोडलं याचा जाब कुणी विचारायचा? आईनं मारलं म्हणून गप्प बसायचं? दोनच वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, तेच पाणी पुन्हा आलं. मामांना दुःख पचवायला त्या वाक्याची मदत झाली, हे मान्य. पण त्याच वाक्याआड ज्यांनी जाब द्यायला हवा तेही लपतात. श्रद्धा जखमेवर फुंकर घालते तोवर ठीक, ती चौकशी बंद करायला लागली की गडबड आहे.

*

आता दुसरी बाजू, कारण नुसत्या आईच्या गोष्टी सांगून हा लेख संपवला तर ती बाबांशी बेइमानी होईल.

हे गाव नुसतं अंबाबाईचं नाही, शाहू महाराजांचंही आहे. १८९९ च्या कार्तिकात महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले असताना पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतोय, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं. म्हणजे छत्रपती असलात तरी आमच्या लेखी तुम्ही शूद्रच, वेदांचा अधिकार तुम्हाला नाही! त्यातून वेदोक्त प्रकरण पेटलं. राजोपाध्यांची इनामं काढून घेण्यापर्यंत आणि पुढे १९२० मध्ये स्वतंत्र क्षात्रजगद्गुरू नेमण्यापर्यंत ते गेलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की महाराज देव नाकारत नव्हते. देव आणि माणूस यांच्यामध्ये जो उभा होता त्याला ते बाजूला हो म्हणत होते. किरणोत्सवाच्या वेळी देवळात सारखी एक सूचना चालू असते, "वाटेत उभं राहू नका." बाबा हसून म्हणायचे, "बघ, एवढं एकच वाक्य शाहू महाराजांनी आयुष्यभर सांगितलं."

आणि वाटेत उभं राहणारे संपलेले नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये याच देवळाच्या गाभाऱ्यात बायकांनी जायचं की नाही यावरून केवढा गोंधळ झाला. देवी बाई, आणि बाईला मज्जाव! आई तेव्हा म्हणाली होती, "लेकीला आईच्या खोलीत जाय परवानगी कशाला लागती?" ती स्वतः काही गाभाऱ्यात गेली नाही. पण म्हणाली तेवढं खरं.

याहून वाईट म्हणजे, श्रद्धेच्या नावानं बोलणाऱ्यांना प्रश्न विचारणारी माणसं आपण गमावली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये आमच्याच गावात, सकाळी फिरून घरी येताना, कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या. २० तारखेला पानसरे गेले. बाबांनी त्यांची कित्येक व्याख्यानं ऐकलेली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. दाभोलकर तर आयुष्यभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाधर्माला नाही, देवाधर्माच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले तो त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी झाला.

विशेष म्हणजे पानसरे गेले त्या शुक्रवारी आई देवळात गेली नाही. घरीच थांबली, बाबांजवळ. चाळीस वर्षांचा नेम तिनं मोडला आणि त्याबद्दल कधी बोलली नाही. बाबा बाहेर चपला घेऊन उभे राहायचे, त्याची ही परतफेड असावी. जिला "भूगोल कुणाचा हाय?" विचारल्यावर मी हसलो होतो, तिची श्रद्धा प्रश्नांना घाबरणारी नव्हती. प्रश्न विचारणारा माणूस तिच्या घरातच होता, तिच्याच ताटात जेवत होता.

म्हणून श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांत फरक करायला मी आता स्वतःपुरती एक कसोटी ठरवलीय. या विश्वासाची किंमत कोण देतंय? आई गुडघे दुखत असताना रांगेत उभी राहते, किंमत ती स्वतः देते. तिथं मी फक्त चपला सांभाळाव्यात. पण कुणाच्या श्रद्धेसाठी दुसऱ्याला बाहेर उभं केलं जातं, कुणाची लेक भानामतीच्या नावानं मारली जाते, कुणाचं कर्ज बुवाच्या पेटीत जातं, तिथं चपला खाली ठेवून आत जाऊन भांडलं पाहिजे. कसोटी पक्की नाही, मला माहीत आहे. मधुमेह असताना नऊ दिवसांचे कडक उपास करणारी आई किंमत स्वतःच देते आणि तरी मी तिच्याशी भांडतो. (या वर्षी दोन उपासांवर तडजोड झाली.) पण ते भांडण घरातल्या माणसाचं असतं. हरवण्यासाठी केलेलं नसतं.

*

राहता राहिला माझा नवस. बाबा परत आले नाहीत, म्हणजे हिशोबानं माझ्यावर काही देणं नव्हतं. तरी तो मनात खुपत राहिला. शेवटी एकदा आईला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "मग फेडून टाक की."

"अगं पण पावला कुठं?"

"त्याचं त्याच्याकडं. तू बोललास ना?"

कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ची चैत्र यात्रा नेहमीसारखी झाली नव्हती. २०२२ च्या चैत्रात ती पुन्हा भरली आणि मी पहाटे घरातून निघून डोंगर चालत गेलो. सांगण्यासारखं काही घडलं नाही. दर्शन झालं नाही, एवढी रांग होती की मी लांबूनच शिखर बघितलं. देव भेटला असं म्हणणार नाही. टाचेला फोड आला. वाटेत एका अनोळखी आजोबांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "कुणासाठी आलासा?" काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हणालो, "वडलांसाठी." "बरं हाईत न्हवं आता?" त्यांनी विचारलं. मला खोटं बोलवेना. "गेले," म्हणालो. ते काही बोलले नाहीत. नुसता खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही बराच चढ तसेच चढलो. त्या वर्षभरात बाबा गेले हे मी कितीतरी लोकांना सांगितलं होतं, फोनवर, बँकेत, मृत्यूच्या दाखल्यासाठी. पण कुणाला तरी *सांगितलं*, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मी अजूनही देव मानत नाही. देवळाच्या आत जात नाही, नमस्कार करताना हात अवघडतात. नवस पावत नाहीत, शर्टाच्या रंगानं कुणी बरं होत नाही, आणि किरणोत्सव हा सूर्याचा आणि त्या देऊळ बांधणाऱ्यांच्या अचूक नजरेचा महिमा आहे, असंच माझं मत आहे. पण श्रद्धा म्हणजे चुकीची माहिती, ही माझी जुनी व्याख्या मी मागे घेतली. आता मला वाटतं, उत्तर येईल याची खात्री नसताना बोलणं चालू ठेवणं, म्हणजे श्रद्धा. ते बोलणं कुणाशी चाललंय याबद्दल माझा आणि आईचा मतभेद आहे. तो राहणार. बाबांचा आणि तिचा चाळीस वर्षं राहिला, संसार नीट झाला.

असो. फार लांबलं. तुमच्या घरी देवी कुणाकडे आणि चपला कुणाकडे, ते जरूर कळवा.

३१ जानेवारी जवळ येतेय. आईनं काकूंना आत्ताच सांगून ठेवलंय. मला काही विचारलं नाही, मी येणार हे तिनं धरूनच चाललंय.